बेंजो पार्टीला जॅम बँड म्हणावं का?

प्रश्न : आमचा मुलगा कॉलेजात आहे आणि त्याला 'जॅम बँड' काढायचाय. परदेशातले कुठले तरी बँड एकच गाणं अर्धा अर्धा तास वाजवतात, असं तो कौतुकाने सांगतो. आमच्या गावात हळदीला येणारा बेंजोही तेच करतो, मग नवीन काय? आणि असा बँड उभा कसा राहतो?
– एक वाचक, काल्हेर, ता. भिवंडी

उत्तर : फरक आहे, पण चिरंजीव समजतात तेवढा नाही. जॅम बँडमध्ये गाणं ठरलेलं असतं. ते कसं वळेल आणि कुठे संपेल, हे वाजवता वाजवता ठरतं. या रीतीचे मूळपुरुष म्हणजे कॅलिफोर्नियातला 'ग्रेटफुल डेड'. 1965 साली पालो अल्टो भागातल्या पाच पोरांनी तो काढला. सुरुवातीला नाव होतं 'वॉरलॉक्स' आणि पहिला कार्यक्रम झाला एका पिझ्झाच्या दुकानात. त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं 1968 मध्ये रेकॉर्डवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षीच्या 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये तेच गाणं 23 मिनिटं चालतं. शब्द तेच, बाकी सगळं त्या रात्रीचं.

आता आपल्याकडे या. भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. धवलारीण धवले गाते तो मान वेगळा; पण अंगणात पाय थिरकायला लागतात ते बेंजो सुरू झाल्यावर. गावातली किंवा आळीतली पाच-दहा पोरं एकत्र येतात, वर्गणी काढून किंवा कर्ज करून वाद्यं घेतात. एखादा जाणता वाजवणारा 'मास्टर' होतो. दिवसा नोकरी-धंदा, संध्याकाळी सराव. मग सुपाऱ्या सुरू होतात : गोविंदा, गणपती, नवरात्र आणि लग्नसराई. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही. 'स्वतंत्र' हे विशेषण खरं तर याच पोरांना जास्त शोभतं, कारण ग्रेटफुल डेडचा पहिला अल्बम 1967 मध्ये वॉर्नर ब्रदर्ससारख्या बड्या कंपनीनेच काढला होता.

मधोमध असतो बेंजो. अमेरिकेतला कातडी मढवलेला, लांब मानेचा बॅन्जो तो हा नव्हे. (ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया मात्र तो बॅन्जो उत्तम वाजवायचा.) आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये जपानात 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवलं, त्याचा हा वंशज. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. त्याला पिकअप लावून आवाज अँप्लिफायरमध्ये सोडला, की ढोल-ताशाच्या गदारोळातही त्याची धार कानात शिरते. शेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, आणि सगळा संसार टेम्पोवर किंवा हातगाडीवर, जनरेटरसकट.

शैलीचा मुद्दा इथेच येतो. कळा ठरावीक सुरांच्या असल्यामुळे बेंजोवर मींड जवळजवळ निघत नाही. गार्सिया गिटारची तार खेचून सुरांच्या मधल्या जागांत भटकायचा; आपल्या मास्टरला ती वाट बंद. म्हणून सगळी मोकळीक तालाकडे जाते. कोळीगीताची सहाची चाल सुरू असते. समोर करवल्या रंगात आल्या, की मुखडा पाच वेळा, सहा वेळा फिरतो आणि लय कणाकणाने चढते. मग मास्टर ढोलकीवाल्याकडे नुसता पाहतो. बेंजो थांबतो, दोन आवर्तनं फक्त ताल. ढोलकीवाला त्या सहाच्या चालीतून केहरव्यात उडी मारतो, ऑक्टोपॅडवाला आवाज बदलतो आणि तिसऱ्या आवर्तनाला बेंजो भलत्याच सिनेगाण्याचा मुखडा घेऊन उतरतो. सम चुकली तर नाचणाऱ्यांचे पाय लगेच अडखळतात. एवढी कडक परीक्षा कुठल्या समीक्षकाने घेतली नसेल! गाण्याला गाणं न थांबता जोडण्याची ही कसरत ग्रेटफुल डेडचे चाहतेही डोक्यावर घ्यायचे.

त्या अमेरिकन तालात मुंबईचाही वाटा आहे. ग्रेटफुल डेडचा ढोलवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे तालाचे धडे घ्यायचा. पुढे माहीमच्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने 'दिगा ऱ्हिदम बँड' केला. 1976 च्या त्यांच्या अल्बममधल्या एका चालीवरूनच ग्रेटफुल डेडचं 'फायर ऑन द माउंटन' तयार झालं. चिरंजीवांना हे जरूर ऐकवा.

बेंजो पार्ट्या कमी पडतात त्या एका ठिकाणी : स्वतःची गाणी. चाली बहुतेक सिनेमाच्या किंवा गाजलेल्या कोळीगीतांच्या, त्यामुळे उत्तम मास्टरचंही नाव तालुक्याबाहेर जात नाही. रवी जाधव यांच्या 2016 च्या 'बॅन्जो' या हिंदी सिनेमाने या वादकांना पडद्यावर आणलं, पण प्रत्यक्षातल्या मास्टरांना त्यातून नाव मिळालं नाही. म्हणून मुलाला बँड काढू द्या. फक्त गिटार घेण्याआधी त्याने गावातल्या पार्टीच्या सरावाला बसावं आणि स्वतःची निदान दोन गाणी घेऊन जावं.

प्रश्न : पूर्वी हळदीला पहाटेपर्यंत बेंजो वाजायचा. आता दहाला बंद करायला लावतात. हे सगळीकडेच आहे का?
– त्याच वाचकांचा पुढचा प्रश्न

उत्तर : हो, देशभर. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर आणि वाद्यं बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी आहे, घरच्या हळदीसाठी नाही. तेव्हा बेंजोवाल्याला इसार देतानाच संध्याकाळी सहाची वेळ सांगा.