दुसऱ्याच्या मनातले ओळखताना

सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन ती पेटीत लपविते. परतलेली सॅली गोटी कोठे शोधील? सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ यांनी १९८५ साली बाहुल्यांच्या साहाय्याने हा प्रश्न मुलांना विचारला. २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी पेटी दाखविली; डाउन सिंड्रोमच्या १४ पैकी १२ मुलांनी मात्र टोपली. स्वमग्न मुलांचे मानसिक वय अधिक असूनही हे घडले. म्हणजेच दुसऱ्याची समजूत ओळखणे हे केवळ बुद्धीवर अवलंबून नाही.

तथापि ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. चार स्वमग्न मुले उत्तीर्ण झालीच. शिवाय चार वर्षांखालील बहुतेक सर्वच मुले येथे चुकतात. उत्तर भाषेवरही अवलंबून असते. आमच्या बडोद्यात मूल घरी मराठी, शाळेत गुजराती वा इंग्रजी ऐकते. म्हणून प्रश्न घरच्या भाषेत विचारावा, गोष्ट लक्षात राहिली का ते पाहावे, रेव्हनसारखी शब्दाविना होणारी बुद्धिचाचणी जोडावी आणि मूल बोटाने वस्तू दाखविते का, लुटुपुटूचा खेळ खेळते का, हे पालकांना विचारावे.

उत्तर चुकले म्हणून मूल मतिमंद ठरत नाही. बरोबर आले म्हणून मधल्या सुट्टीतील थट्टा त्याला उमगते, असेही नाही. अहवालावर सही करताना एवढे ध्यानी असावे.