नामाला नाम जोडताना : 'दुधाची बाटली' आणि इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये

गोरेगावच्या पूर्वेस असलेली आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली. मुंबईतील दाटीवाटीच्या तबेल्यांतून म्हशी बाहेर काढून त्यांना मोकळ्या जागेत ठेवावे व शहरास स्वच्छ दूध मिळावे, हा त्यामागील हेतू. ही योजना पार पाडणारे दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कारही लाभला. पुढे कित्येक वर्षे आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून केंद्रांवर विकले जाई. ग्राहक पहाटे रांगेत उभा राही, रिकामी बाटली परत देई आणि भरलेली घेऊन जाई. त्या बाटल्यांची जागा आता प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी घेतली आहे. परंतु इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकास त्यांचा एक उपयोग अजून होण्यासारखा आहे.

केंद्रावरून परतताना ग्राहकाच्या हाती असे ती 'दुधाची बाटली'. आणि केंद्राकडे जाताना हाती असे तीही 'दुधाचीच बाटली'. मराठीस यात काही अडचण वाटत नाही. कोणती बाटली ते प्रसंगावरून समजते. इंग्रजीत मात्र लिहिणाऱ्यास आधीच ठरवावे लागते. दुधाने भरलेली ती 'अ बॉटल ऑव्ह मिल्क'. दुधासाठी केलेली, मग तीत दूध असो वा नसो, ती 'अ मिल्क बॉटल'. पहिलीत माप व वस्तू यांचा संबंध आहे, दुसरीत केवळ बाटलीचा प्रकार सांगितला आहे. 'दोन मिल्क बॉटल्स पाठवा' अशी चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या घरी दोन रिकाम्या बाटल्या आल्यास दोष दूधवाल्याचा नव्हे.

(येथे 'ऑव्ह' असे मुद्दाम लिहिले आहे. मराठीत हा शब्द 'ऑफ' असा लिहिण्याची रूढी आहे. परंतु 'दूर, वरून खाली' या अर्थाचा 'ऑफ' हा निराळा शब्द आहे, व त्याच्या रोमन लेखनात एक अक्षर अधिक असते. मुलांच्या वह्यांतून या दोहोंचा घोटाळा होतो, त्याचे एक कारण आपले हे देवनागरी लेखनच होय. फळ्यावर दोन्ही शब्द रोमन लिपीत शेजारी शेजारी लिहून उच्चारातील फरक ऐकवावा.)

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यामुळे 'चा-ची-चे म्हणजे ऑव्ह' हे समीकरण मुलाच्या मनात फार लहानपणी बसते. ते बसविण्यास शिक्षकाला अर्धा तास पुरतो, पण पुढे ते काढून टाकण्यास वर्षे लागतात. 'खोकल्याचे औषध' याचे 'मेडिसिन ऑव्ह कफ' होते, 'रजेचा अर्ज' याचा 'अ‍ॅप्लिकेशन ऑव्ह लीव्ह' होतो, आणि मूल मोठेपणी कचेरीत नोकरीस लागले तरी तसेच लिहीत राहते. यात मुलाचा आळस नाही. आपली षष्ठीच मुळी अनेकांचे काम एकटी करते. पाणिनीने कारकांचे संबंध निरनिराळ्या विभक्तींना वाटून दिल्यावर जे संबंध उरले, ते सगळे षष्ठीच्या पदरात टाकले. मराठीच्या षष्ठीनेही तो वारसा चालविला आहे. मालकी, प्रयोजन, उगम, दिशा, द्रव्य, कारण, यांपैकी काहीही 'चा' या एका अक्षरात मावते.

म्हणून इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी मुलाने मराठीतच एक पायरी चढावी. 'चा-ची-चे' काढून त्या जागी पूर्ण अर्थ सांगणारे शब्द घालावेत. 'गोरेगावची बस' म्हणजे गोरेगावला जाणारी की गोरेगावहून येणारी? जाणारी असेल तर 'द बस टू गोरेगाव', येणारी असेल तर 'द बस फ्रॉम गोरेगाव'. आरेच्या परिसरात वारली आदिवासींचे पाडे आहेत. 'पाड्याची वाट' ही पाड्याकडे नेणारी, पाड्यामधून जाणारी किंवा पाड्यावरून खाली येणारी, अशी तिन्ही असू शकते. 'टू', 'थ्रू' व 'फ्रॉम' यांतले कोणते घ्यावयाचे ते वाट पाहिल्यावाचून कळणार नाही. एवढे मुलाच्या ध्यानात आले की शब्दयोगी अव्यय हा पाठ करण्याचा नव्हे, पाहण्याचा विषय आहे हे त्यास पटते.

२०१९ साली मेट्रोच्या कारशेडवरून जो वाद झाला, त्यात एकाच जागेचा उल्लेख कोणी 'आरेची जमीन' असा करी, तर कोणी 'कारशेडची जमीन' असा. पहिल्यात स्थळ आहे, 'द लँड अ‍ॅट आरे'. दुसऱ्यात प्रयोजन आहे, 'द लँड फॉर द कारशेड'. मराठी वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात; इंग्रजीत लिहू जाता कोणत्या बाजूने पाहिले आहे ते उघडे पडते. (त्या जागेस 'फॉरेस्ट' म्हणावे की नाही हा प्रश्न अव्ययाचा नसून नामाचा होता, आणि तो उच्च न्यायालयापर्यंत गेला.)

पाहण्याने सर्वच सुटते असे मात्र नाही. दुधाचाच व्यवहार घ्यावा. दुधाचा पुरवठा तो 'सप्लाय ऑव्ह मिल्क', दुधाचा दर तो 'प्राइस ऑव्ह मिल्क', दुधाचा तुटवडा तो 'शॉर्टेज ऑव्ह मिल्क'. पण दुधाची मागणी ही 'डिमांड फॉर मिल्क', आणि दरातील वाढ ही 'राइज इन द प्राइस'. मागणीला 'फॉर' का, याचे थोडे उत्तर देता येते: मागणारा ज्या वस्तूकडे हात पसरतो, तिच्यामागे 'फॉर' येतो, म्हणून इच्छा, गरज, विनंती, अर्ज या अर्थाची नामे बहुधा 'फॉर' घेतात. परंतु 'उशिराचे कारण' याला 'द कॉज ऑव्ह द डिले' आणि 'द रीझन फॉर द डिले' अशी दोन रूपे का, हे मुलास युक्तिवादाने पटवू नये. तेथे रूढीच प्रमाण. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने 'बाटली' हा शब्द 'ती बाटली' असा, लिंगासकट, शिकावा लागतो. तसाच इंग्रजीतील 'रीझन' हा शब्द 'रीझन फॉर' असा, शेपटासकट, वहीत उतरवावा. सुटे नाम पाठ करून मागाहून त्याला अव्यय शोधीत बसणे हा दुप्पट खटाटोप आहे.

क्रमाचा प्रश्न सोपा आहे. मराठीत जोडणारा शब्द नामाच्या पाठीस लागतो व सबंध जोड मुख्य नामाच्या पुढे उभी राहते, इंग्रजीत उलट. 'आरेतील तबेल्यांतील म्हशींच्या दुधाचा दर' हे वाक्यखंड फळ्यावर लिहून शेवटच्या शब्दापासून मागे वाचावयास सांगावे: दर, दुधाचा, म्हशींच्या, तबेल्यांतील, आरेतील. इंग्रजी त्याच क्रमाने येते: 'द प्राइस ऑव्ह द मिल्क ऑव्ह द बफेलोज इन द स्टेबल्स अ‍ॅट आरे'. रचना निर्दोष आहे, पण कोणी इंग्रज अशी लिहिणार नाही. तो 'द प्राइस ऑव्ह बफेलो मिल्क फ्रॉम द आरे स्टेबल्स' असे लिहील. चार-चार अव्ययांची साखळी दिसली की एखादे नाम विशेषणासारखे पुढे ठेवून ती तोडता येते, हे वरच्या इयत्तेत सांगावे. खालच्या इयत्तेत साखळीच चांगली.

एका ठिकाणी मात्र मराठी अधिक स्पष्ट आहे, आणि मुलांना ते सांगितल्यास त्यांना आनंदच होतो. 'त्याने तबेल्यात बादल्या धुतल्या' आणि 'त्याने तबेल्यातील बादल्या धुतल्या', ही दोन वाक्ये मराठी मुलाच्या कानास कधी एक वाटणार नाहीत. पहिल्यात 'तबेल्यात' क्रियापदाशी बांधले आहे. दुसऱ्यात 'तबेल्यातील' नामाशी. इंग्रजीत दोहोंसाठी एकच वाक्य: 'ही वॉश्ड द बकेट्स इन द स्टेबल'. बादल्या तबेल्यातल्या होत्या की धुणे तबेल्यात झाले, हे त्यावरून ठरत नाही. असे वाक्य वाचनपाठात आले की त्याची दोन्ही मराठी रूपे मुलांकडून करवून घ्यावीत व पुढच्या-मागच्या वाक्यांवरून एक निवडावयास लावावे.

सरावासाठी पुढील जोड्या देता येतील. प्रत्येकीचा अर्थ मुलाने प्रथम मराठीत उलगडून सांगावा, मगच इंग्रजीकडे वळावे: कुलपाची किल्ली, पत्राचे उत्तर, मुंबईचे पत्र, चहाचा कप, पावसाची भीती, गणिताचे पुस्तक, आजीची गोष्ट. शेवटची जोडी घाईने सोडवू देऊ नये. गोष्ट आजीने सांगितलेली असेल, किंवा आजीविषयी असेल. आणि काही मुले दोन्ही आहे असे म्हणतील, त्यांना दोन्ही लिहू द्यावे.