ह्वेची विहारं फुकट, मग पैसे जातात कुठे?

व्हिएतनामच्या सहलीचं कोटेशन हातात आलं की ह्वे शहरासमोर बहुतेक एक ठरावीक ओळ असते: 'राजवाडा, राजसमाध्या, थिएन मू पगोडा, सर्व प्रवेशशुल्कासहित.' यातल्या शेवटच्या नावाला प्रवेशशुल्क नाहीच. थिएन मू, तू दाम, तू हिएव, बाओ क्वोक ही सगळी विहारं मोफत पाहता येतात. त्यामुळे टूरवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की तिकिटांचे पैसे नेमके कशाकशाचे धरलेत?

तिकीट आहे ते राजांच्या वास्तूंना. राजवाड्याचं दोन लाख डोंग. मिन्ह मांग, तू दुक आणि खाई दिन्ह या राजांच्या समाध्यांचं प्रत्येकी दीड लाख. चारही ठिकाणांचं एकत्र तिकीट ५ लाख ३० हजार. (हे अलीकडचे दर. निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.) आकडे ऐकून घाम फुटायला नको, कारण एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात. लाख डोंग म्हणजे सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. खरी भीती नोटांच्या रंगाची. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. संध्याकाळी रिक्षावाल्याला किंवा फळवालीला घाईत पैसे देताना वीसऐवजी पाच लाख गेले, तर पंचवीसपट फटका. मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

पोहोचायचा खर्च

मुंबईहून हो ची मिन्ह सिटी किंवा हनोईला थेट विमानं आहेत. जाण्या-येण्याचे हंगामाप्रमाणे वीस ते पस्तीस हजार रुपये धरून चाला. ई-व्हिसाचं सरकारी शुल्क एका प्रवेशासाठी २५ डॉलर, म्हणजे बावीसशे रुपयांच्या आसपास. एकापेक्षा जास्त वेळा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. एजंट त्याच कामाचे सहज दुप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. अर्ज नामंजूर झाला तर शुल्क परत मिळत नाही.

तिथून पुढच्या देशांतर्गत विमानासाठी ह्वेला विमानतळ आहे, पण दा नांगला उतरून रेल्वेने जाणं मला जास्त पटतं. अंतर शंभर किलोमीटर. हाय वानचा घाट समुद्राला खेटून जातो आणि अडीच-तीन तासांत गाडी पोहोचते. या दोन शहरांमध्ये २०२४पासून पर्यटकांसाठी वेगळी गाडीही सुरू झाली. तिचं भाडं दीड लाख डोंगांच्या घरात. खासगी टॅक्सी याच्या कितीतरी पट घेईल आणि बोगद्यातून नेईल, म्हणजे घाटही चुकला.

थिएन मू: अर्धा तास पुरत नाही

न्ग्वेन घराण्याची सत्ता ह्वेच्या परिसरात रुजली आणि १८०२ ते १९४५ ह्वे ही व्हिएतनामची राजधानी होती. विहारांना राजाश्रय मिळाला तो त्यामुळे. थिएन मू त्या सत्तेच्या पायाभरणीच्या काळातलं. आख्यायिका अशी, की नदीकाठच्या टेकडीवर एक वृद्धा प्रकट व्हायची आणि सांगायची, इथे एक अधिपती येईल, विहार बांधेल आणि देशाची भरभराट होईल. न्ग्वेन होआंगने १६०१मध्ये विहार बांधलं आणि तो अधिपती आपणच, हे लोकांना न सांगता सांगितलं. राजकारणातला मुरलेला माणूस.

दर्शनी भागात आहे तो अष्टकोनी सातमजली मनोरा. एकवीस मीटर उंच, राजा थिएव त्रीने १८४४मध्ये उभारलेला. जवळच्या मंडपांत १७१०मध्ये ओतलेली दोन टनांहून जड घंटा आणि संगमरवरी कासवाच्या पाठीवर पेललेला १७१५चा शिलालेख आहे. गटासोबत येणारी बरीच मंडळी इथे फोटो काढतात आणि घड्याळ बघत परत फिरतात. मागे चालत जा. मुख्य सभागृहाच्या पलीकडे एका शेडमध्ये फिकट निळी ऑस्टिन मोटार उभी आहे. ११ जून १९६३ रोजी थिच क्वांग दुक हे भिक्खू याच गाडीतून सायगॉनच्या चौकात उतरले, पद्मासन घालून बसले आणि त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. अमेरिकी पत्रकार माल्कम ब्राउनने टिपलेलं त्या क्षणाचं छायाचित्र गाडीजवळच लावलंय. त्यात ज्वाळांच्या मागे बॉनेट उघडलेली हीच गाडी दिसते. छायाचित्राकडे आणि मग गाडीकडे पाहताना माणसं आपोआप गप्प होतात.

त्या आत्मदहनाची ठिणगी ह्वेमध्येच पडली होती. त्या वर्षी बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज फडकावण्यावर दक्षिण व्हिएतनामचे तेव्हाचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारने बंदी घातली. थोड्याच दिवसांपूर्वी कॅथलिक सोहळ्यात व्हॅटिकनचे झेंडे मात्र खुशाल लागले होते. ८ मेच्या सकाळी विहारांमधून निषेध झाला, रात्री नभोवाणी केंद्रासमोर जमलेल्या गर्दीवर सैनिक चालून गेले आणि नऊ जणांचा जीव गेला. ज्या ध्वजासाठी हे घडलं, तो निळ्या-पिवळ्या-लाल-पांढऱ्या-केशरी पट्ट्यांचा ध्वज म्हणजे दीक्षाभूमीवर आणि आपल्या गावोगावच्या विहारांवर फडकतो तोच. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बौद्ध कुटुंबांनी तू दाम विहारही यादीत घ्यावं. देशभरच्या बौद्ध संघटनांना एकत्र आणणारी १९५१ची परिषद इथे भरली, १९६३च्या आंदोलनाचं केंद्र हेच होतं आणि त्या ऑगस्टमध्ये सैन्याने नासधूसही इथे केली. इमारत बघून फार काही वाटणार नाही, कारण ती पुष्कळशी नव्याने बांधलेली आहे. इतिहास ठाऊक असेल तर अर्धा तास पुरे.

थिएन मू शहराच्या मध्यापासून चार-पाच किलोमीटरवर. ग्रॅब ॲपवरून मोटार बोलावली तर पन्नास-सत्तर हजार डोंग, दुचाकी निम्म्याहून कमी. ड्रॅगनच्या तोंडाची बोट दिसायला झकास, पण दोन-तीन लाख सांगतात आणि बसल्यावर रेशमी कपडे, चित्रं, पंखे समोर मांडतात. घ्यायलाच हवं असं नाही. भाव बसण्याआधी ठरवा, आणि एकाच बाजूचा की दोन्ही, ते बोटांनी खुणा करून पक्कं करा.

तू हिएव: आगाऊ भरलेला खर्च

वेळ कमी असेल तर मी राजवाडा गाळेन, तू हिएव नाही. शहराच्या नैऋत्येला पाइनच्या बनात हे विहार आहे. न्यात दिन्ह नावाच्या भिक्खूने १८४३मध्ये म्हाताऱ्या आईला घेऊन इथे झोपडी बांधली. पुढे १८४८मध्ये तिचं मोठं विहार झालं, ते मुख्यतः दरबारातल्या खोजांच्या देणग्यांवर. या माणसांना मूल होणं शक्य नव्हतं, आणि व्हिएतनामी घरात पितरांचं वर्षश्राद्ध मुलंच करतात. मग मेल्यावर आपलं कोण करणार? त्यांनी हयातीतच विहाराला पैसे दिले आणि बदल्यात कबरीची जागा व दरवर्षीचे विधी मिळवले. त्या कबरी आवारात एका भिंतीच्या आत ओळीने आहेत. पुढची ओळ मोठी, मागची लहान. दरबारातला हुद्दा मेल्यावरही सुटला नाही. विधी मात्र विहार आजही करतं.

जगभर माहीत असलेले थिच न्यात हान सोळाव्या वर्षी इथेच श्रामणेर झाले. युद्धविरोधी भूमिकेमुळे त्यांना १९६६नंतर जवळजवळ चार दशकं मायदेशी येता आलं नाही. २०१८मध्ये ते शेवटचे दिवस काढायला इथे परतले आणि २२ जानेवारी २०२२ला इथेच गेले. विहार नांदतं आहे. सकाळी लवकर जा, आवाज खाली ठेवा.

जवळच तू दुक राजाची समाधी आहे. एकच तिकीट काढायचं तर हे काढा. त्याच रस्त्यावर उदबत्त्यांचं गाव लागतं: लाल-पिवळे-जांभळे जुडगे फुलासारखे पसरून ठेवलेले. फोटो फुकट म्हणतात, पण काढल्यावर एखादा पुडा घेतला जावा ही अपेक्षा असते. घेऊन टाका, विहारात लावायला कामी येईल.

दानपेटी, जेवण, स्कूटर

विहारात कोणी पैसे मागत नाही. दानपेटीत दहा-वीस हजार डोंग टाकले तरी पुष्कळ. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, सभागृहात चपला बाहेर. रस्त्यावर कोणी चीवर घालून माळ हातात कोंबत पैसे मागू लागला, तर हात जोडून पुढे चला.

जेवणाची चिंता शाकाहारी मंडळींनी सोडावी. फलकावर रोमन लिपीत 'चाय' दिसलं की चहा समजू नका. ते शुद्ध शाकाहारी खाणावळीचं चिन्ह. पंचवीस ते पन्नास हजारांत भात-भाजी-टोफूचं ताट मिळतं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अशा खाणावळी भरलेल्या असतात. विहाराच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन कुटुंबांचंही जमतं. साध्या हॉटेलात मात्र 'भाजी' म्हणून येते तिच्यात फिश सॉस बहुधा असतोच.

स्कूटर दिवसाला लाख-दीड लाख डोंगांत मिळते आणि दुकानदार परवाना विचारत नाही. तरी घेऊ नका. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारातला. व्हिएतनाम १९६८च्या करारातला मानतं. अपघात झाला तर विम्याचा दावा तिथेच अडकेल. त्यापेक्षा सायकल घ्या, नाहीतर ग्रॅब.

दोन रात्री-तीन दिवसांचा, एका खोलीत दोघं असा माणशी हिशेब: हॉटेल सात लाख डोंग, जेवणखाण साडेसात लाख, फिरणं तीन लाख, तू दुकचं तिकीट दीड लाख, दान आणि उदबत्त्या दीड लाख. बेरीज साडेवीस लाख, म्हणजे सात हजार रुपयांच्या आत-बाहेर. याच दिवसांचे पॅकेजवाल्याने किती लावलेत ते कोटेशनशी ताडून पाहा.

ऑक्टोबर ते डिसेंबर ह्वेला मुसळधार पाऊस असतो, नदी शहरात शिरते. खोल्या स्वस्त मिळतात त्या म्हणूनच. बुद्धजयंतीला नदीत सात मोठी कमळं उजळतात आणि तेव्हा खोल्यांचे भाव चढतात. तिथे ती चांद्रमासाच्या चौथ्या महिन्यात येते, बहुधा मेमध्ये, पण तारीख आपल्या पंचांगाशी जुळेलच असं नाही. ती व्हिएतनामी कॅलेंडरवर पाहूनच विमानाचं तिकीट काढा.