परांची, शिडी आणि भार

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर जबलपूर भूकंपाने हादरले. विटांच्या असंख्य भिंतींना तडे गेले. अशी भिंत दुरुस्त करावयाची म्हणजे प्रथम तिच्यालगत परांची बांधणे आले, आणि तेथेच एक प्रश्न उभा राहतो : परांचीचा भार कोणी वाहावयाचा?

एकेरी परांचीत उभ्या बांबूंची एकच रांग असते. आडव्या दांड्यांचे एक टोक त्या रांगेला बांधतात, दुसरे भिंतीतील भोकात खुपसतात. अर्थात गवंडी, विटा, घमेली यांच्या भाराचा बराच भाग भिंतच वाहते. धडधाकट भिंतीला तो जड नाही. परंतु जिला स्वतःचाच तोल सावरत नाही, तिच्यात भोके पाडून तिच्या आधाराने माणसे उभी करणे हे निव्वळ साहस होय. तेथे बांबूंच्या दोन रांगांची, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी दुहेरी परांचीच हवी. (दगडी बांधकामावर गवंडी एरवीही हीच वापरतात, दगडात भोके ठेवणे कठीण.) ती कलंडू नये म्हणून तिला तिरपे टेकू द्यावे लागतात.

दुहेरी परांचीचा सगळा भार जमिनीवर येतो. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात मऊ पडते. मे महिन्यात घट्ट वाटलेला बांबू आषाढात खचू शकतो. म्हणून बांबूखाली रुंद फळी घालून भार पसरावा, आणि मोठा पाऊस होऊन गेला की पायथा व दोरांच्या गाठी पुन्हा तपासाव्या.

शिडीचेही मर्म पायथ्याशीच आहे. ४ मीटर उंचीवर टेकलेल्या शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटर दूर ठेवावा, असा नियम आहे. भिंत गुळगुळीत मानली व शिडीचे वजन सोडून दिले, तर ६० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य टोकाशी पोचला असता शिडीचा पाय १५ किलोग्रॅम भाराइतक्या रेट्याने बाहेर सरकू पाहतो. तोच पाय ४ मीटर दूर असेल, तर रेटा ६० किलोग्रॅम भाराइतका होतो. ओल्या फरशीवर एवढे घर्षण कोठून मिळणार? शिवाय मनुष्य जसजसा वर चढतो, तसतसा हा रेटा वाढत जातो. पहिल्या चार पायऱ्यांवर शिडी हलली नाही म्हणून निर्धास्त झालेला कामगार फसतो तो येथेच. उलट, शिडी फारच उभी ठेवली तर ती मागे उलटते. तिचे टोक उतरावयाच्या जागेपेक्षा सुमारे १ मीटर वर आलेले व पक्के बांधलेले असावे, म्हणजे परांचीवर पाय टाकताना हाताला आधार राहतो.