तापीची पातळी आणि भाड्याचा संगणक



ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरी आजीआजोबांना विचारा, पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आले होते ते अजून बोटाने दाखवतील. वीज गेली, फोन बंद पडले. तळमजल्यावरचे संगणक आणि कपाटातल्या वह्या दोन्ही सारखेच भिजले.

योगायोग पाहा. त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेतील ॲमेझॉन कंपनीने आपल्या यंत्रशाळेतले संगणक तासाला १० सेंट भाड्याने देण्याची सेवा चाचणी म्हणून सुरू केली. घरातला चिखल उपसणाऱ्या सुरतकरांना त्याची खबर असण्याचे काही कारण नव्हते. पण आज ज्याला आपण क्लाउड म्हणतो, त्याची ही एक मोठी सुरुवात. एप्रिल २००८ मध्ये गूगलने ॲप इंजिन आणले. त्यात संगणक भाड्याने घेऊन तो सांभाळायचीही गरज नव्हती. आपण लिहिलेला प्रोग्राम त्यांच्याकडे द्यायचा, तो चालवण्याचे काम त्यांचे. सुरुवातीला तिथे फक्त पायथॉन भाषा चालत असे. आज असे अनेक मंच आहेत आणि शाळेतल्या मुलांनाही ते वापरता येतात.

या पाठात आपण एक छोटे वेब ॲप्लिकेशन आखू. नाव ठेवू ‘तापीची पातळी’. त्यात तीन ठिकाणचे आकडे दिसतील: हतनूर धरण, उकाई धरण आणि सुरतचा होप पूल. हतनूर कशाला, असे कोणी विचारेल. आपल्यापैकी पुष्कळ घरे जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. भुसावळजवळच्या हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की गावाकडून फोन येतो, “तुमच्याकडे पाणी येतंय, सांभाळा.” ते पाणी आधी उकाईत येते आणि मग सुरतकडे. म्हणजे आपल्या दोन्ही घरांना जोडणारी नदी एकच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे ॲप्लिकेशन शिकण्यासाठी आहे. पुराची सूचना महानगरपालिका आणि जिल्हा प्रशासन देते, तीच मानायची. आपले पान बघून कोणी घर सोडू नये, आणि ते बघून कोणी घरात थांबूही नये.

अशा ॲप्लिकेशनला तीन भाग लागतात. आकडे भरण्याचा अर्ज, ते साठवण्याची जागा आणि सर्वांना दिसणारे पान. हे सगळे शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावरही चालेल. पण ज्या दिवशी त्याची खरी गरज, त्याच दिवशी शाळेत वीज नसेल. शिवाय एरवी दिवसाला दहाजण पाहतात ते पान त्या दिवशी दहा हजारजण उघडतील. क्लाउडवर यंत्र पुराच्या बाहेर असते आणि गर्दी वाढली की मंच आपल्या प्रोग्रामच्या आणखी प्रती आपोआप सुरू करू शकतो. येथपर्यंत सगळे सोपे वाटते. माझेही इथेच चुकले.

मी घरी हा प्रयोग केला तेव्हा आकडे प्रोग्रामशेजारीच एका साध्या फाइलमध्ये साठवले. संध्याकाळी सर्व ठीक होते. सकाळी पान उघडले तर एकही नोंद नाही! झाले असे, की रात्री पान कोणी उघडले नाही म्हणून मंचाने प्रोग्राम झोपवला आणि सकाळी नवी कोरी प्रत सुरू केली. जुन्या प्रतीबरोबर फाइलही गेली. दोष मंचाचा नव्हता, त्यांच्या माहितीपत्रकात तसे लिहिलेले होते. मी वाचले नव्हते.

गर्दीच्या वेळी याहून वाईट घडते. समजा प्रोग्रामच्या दोन प्रती चालू आहेत आणि आकडा पहिल्या प्रतीच्या फाइलमध्ये लिहिला गेला. मग अर्ध्या लोकांना नवी पातळी दिसेल, अर्ध्यांना जुनी. आपल्या कापड मार्केटचे उदाहरण घ्या. दुकानात चार विक्रेते आहेत आणि प्रत्येकजण आपापल्या खिशातल्या चिठ्ठीवर उधारी लिहितो. एक सुट्टीवर गेला की उधारी बुडाली. म्हणून मेहताजींसमोर एकच चोपडा असतो आणि सगळे त्यातच लिहितात. क्लाउडवर हा चोपडा म्हणजे डेटाबेस. तो प्रोग्रामपासून वेगळा ठेवायचा. प्रती येवोत, जावोत, चोपडा तोच राहतो. ॲप इंजिनमध्ये तर सुरुवातीला फाइलमध्ये लिहायला मुळी परवानगीच नव्हती. तेव्हा अनेकांना ती कटकट वाटली, पण नवशिक्याला ती सक्ती बरीच म्हणायची.

आता चोपड्याचे रकाने. ठिकाण, आकडा, एकक, वेळ आणि नोंद करणाऱ्याचे नाव. एकक विसरू नका. उकाईची पातळी आपण फुटांत ऐकतो (पूर्ण भरले की ३४५ फूट), होप पुलाची मीटरमध्ये. आकडे कोणत्या लिपीत लिहायचे हेही ठरवा. मराठी शाळेतली मुले ३४२ देवनागरीत लिहिणार. पायथॉन त्याला संख्या मानते, जावास्क्रिप्ट मानत नाही. तेव्हा अर्जातच दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारून आतमध्ये एकच प्रकार साठवावा.

वेळेचा घोटाळा सर्वांत फसवा. क्लाउडवरच्या यंत्रांची घड्याळे बहुधा आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर चालतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ८ तारखेला पहाटे ४ वाजता केलेली नोंद पानावर ७ तारखेची रात्री १०.३० अशी दिसेल. एरवी याने कोणाचे बिघडत नाही. पाणी चढत असताना मात्र साडेपाच तास म्हणजे फार झाले. साठवताना प्रमाणवेळच साठवा, दाखवताना भारतीय वेळ दाखवा. शेवटची नोंद तीन तासांपेक्षा जुनी असेल तर पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहा: ‘ही माहिती जुनी आहे’. माझ्या मते या ॲप्लिकेशनमधली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच.

पालक आणि विश्वस्तांसाठीही दोन शब्द. मंचावर खाते उघडताना एक ईमेल, एक मोबाइल नंबर आणि पुष्कळदा कार्डाचा नंबर लागतो. उत्साही शिक्षक आपलाच देतात. ते शाळा सोडून गेले की ओटीपी त्यांच्याच फोनवर जातो आणि शाळेला स्वतःच्या पानाचे दार उघडत नाही. खाते संस्थेच्या नावे असावे, चावी दोघांकडे असावी आणि खर्चाची मर्यादा ओलांडण्याआधी सूचना येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. ‘फुकट’ या शब्दावर विसंबू नये. हेरोकू या प्रसिद्ध मंचाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपली विनामूल्य योजना बंद केली आणि अनेकांना घाईने बिऱ्हाड हलवावे लागले. मुलांनी गुप्त चावी प्रोग्राममध्येच लिहून तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला ठेवला, तर परका माणूस ती वापरतो आणि बिल संस्थेला येते, हेही ध्यानात असू द्या.

क्लाउड म्हणजे ढग खरा, पण ती यंत्रेही जमिनीवरच्या इमारतीत असतात. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले, गूगलचे २०१७ मध्ये. जवळचे म्हणून मुंबई निवडायला हरकत नाही. पण २६ जुलै २००५ ला मुंबईतही काय झाले ते आठवा. चोपड्याची एक नक्कल दुसऱ्या शहरातल्या केंद्रात ठेवा, आणि आठवड्यातून एकदा छापून शाळेच्या वरच्या मजल्यावर.

गृहपाठ. नववी-दहावीच्या मुलांनी संगणकाला हात लावण्याआधी वहीत वरचे पाच रकाने आखावेत. सात दिवस उकाईची पातळी वर्तमानपत्रातून रोज टिपावी आणि ज्यांचे नातेवाईक भुसावळकडे आहेत त्यांनी हतनूरचे दरवाजे किती उघडले ते फोनवर विचारावे. बातमीत वेळ दिली नसेल तर तो रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका. कोणते रकाने वारंवार कोरे राहतात ते पाहून मग अर्ज बनवू.