पडद्यावरचे सोंग

आपल्या गावात बहुरूपी येतो. सुगी झाली, लोकांच्या घरात दाणे आले, की तो येतोच. अंगात खाकी कपडे, डोक्यावर पोलिसाची टोपी, हातात कागद. ‘चला, तुमच्या नावाचं वारंट आहे’, असे तो दरडावून म्हणतो. नवखा माणूस घाबरतो. मग सगळे हसतात आणि त्याच्या झोळीत धान्य पडते. वेश बदलला की माणूस बदलतो, ही गंमत आपल्याला जुनीच आहे.

सिनेमातला नटही सोंगच काढतो. पण त्याचे काम एका बाजूने अवघड आहे. नाटकातला नट लांबून दिसतो. थोडे इकडेतिकडे झाले तरी चालून जाते. सिनेमाचा कॅमेरा मात्र नटाच्या अगदी नाकापाशी येतो. मग तो चेहरा पडद्यावर घराएवढा दिसतो. चिकटवलेल्या मिशीची कड सुटली, तर शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही ती दिसते. म्हणून सिनेमातले सोंग पक्के लागते.

तुमच्यापैकी पुष्कळांनी ‘दंगल’ हा सिनेमा पाहिला असेल. तो २०१६ साली आला. हरियाणातले कुस्तीगीर महावीरसिंग फोगट आणि त्यांच्या मुली यांची ती गोष्ट आहे. आमिर खान हा नट त्यात महावीरसिंग झाला आहे. आधी तो जवान पैलवान दिसतो. पुढे तोच पोट सुटलेला, केस पिकलेला बाप दिसतो. पोट दाखवायचे तर नट कपड्यांच्या आत गादीसारखे काही तरी बांधतात. आमिर खानने ते नको म्हटले. त्याने खरोखरच वजन वाढवले. ते सुमारे ९७ किलो झाले. चालणे, बसणे, श्वास घेणे, सगळेच बदलले, असे त्याने स्वतः सांगितले आहे.

यात एक हुशारी होती. त्याने म्हातारपणाचा भाग आधी करून घेतला आणि जवानीचा मागून. का? आधी जवानी करून शेवटी वजन वाढवले असते, तर काम संपल्यावर ते उतरवायला कुणी हलले नसते! पुढे जवान पैलवान व्हायचे आहे, हा धाक असला म्हणजे माणूस जेवणाच्या ताटावरून वेळेवर उठतो. पाच महिन्यांत त्याने सुमारे २५ किलो वजन उतरवले.

पण हे ऐकून कुणी तसे करायला जाऊ नका, बरं का. तेव्हा आमिर खानचे वय पन्नाशीचे होते. काय खायचे, किती व्यायाम करायचा, हे बघायला जाणती माणसे त्याच्याजवळ होती. तालमीतली काही पोरे पडद्यावरचे दंड बघतात आणि कुठून तरी पावडरी, गोळ्या, इंजेक्शने आणतात. त्यांनी आधी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला विचारावे. असल्या इंजेक्शनांनी काळजाला आणि यकृताला इजा होते.

शरीर न बदलताही रूप बदलता येते. २००९ साली ‘पा’ नावाचा सिनेमा आला. त्यात अमिताभ बच्चन हे एक लहान मुलगा झाले. त्या मुलाला असा आजार असतो, की कोवळ्या वयातच अंगावर म्हातारपण येते. बच्चन तेव्हा ६७ वर्षांचे होते. रबरासारख्या मऊ पदार्थाचे तुकडे त्यांच्या डोक्याला आणि तोंडाला चिकटवत. ते बसवायला तासन् तास लागत आणि काढायलाही वेळ लागे. गंमत पुढेच आहे. सिनेमात त्या मुलाचा बाप झाला आहे अभिषेक बच्चन, म्हणजे अमिताभ यांचा खरा मुलगा! घरात जो बाप, तो पडद्यावर लेक.

हे झाले अलीकडचे. पण आपल्या देशात पडद्यावरचे सोंग सुरू झाले, तेव्हा रबर नव्हते आणि पैसाही नव्हता.

दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईत त्यांनी परदेशी सिनेमा पाहिला आणि त्यांना ध्यास लागला. आपल्या देवादिकांच्या गोष्टी अशाच पडद्यावर दिसल्या पाहिजेत, असे त्यांना वाटू लागले. विम्याचे कागद गहाण ठेवून ते १९१२ साली विलायतेला गेले. तिथून कॅमेरा घेऊन आले. दादरला घरातच काम सुरू झाले. त्यांची पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्म धुण्याच्या कामालाही बसत. ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा करायचे ठरले.

हरिश्चंद्र मिळाला. दत्तात्रय दाबके हे नट तयार झाले. रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्रने, केले. अडले ते तारामतीपाशी. एकही बाई मिळेना. फाळक्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. नाचगाणे करून पोट भरणाऱ्या बायकांकडेही ते गेले. त्यासुद्धा नाही म्हणाल्या. सिनेमात काम करणे इतके हलके समजत. पुरुष नटांनाही लोक विचारत, ‘काय करता?’ तेव्हा ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो, असे सांगा’, असे फाळक्यांनी त्यांना शिकवून ठेवले होते.

एकदा फाळके मुंबईत ग्रँट रोडला एका हॉटेलात गेले. तिथे काम करणारा एक तरुण त्यांच्या नजरेला पडला. अंगाने सडपातळ, हात नाजूक. त्याचे नाव अण्णा साळुंके. त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असे सांगतात. पाच रुपये जास्त, म्हणजे त्या काळी थोडे नव्हते. चुलीपुढचा माणूस राणी व्हायला निघाला.

आता मिशीचा घोळ. बाईचे सोंग घ्यायचे तर मिशी काढायला हवी. पण बाप जिवंत असताना मिशी काढणे अशुभ मानत. बाप गेला, की मुलगा मिशी उतरवतो. ‘मिशी काढली तर बापाचे वाईट चिंतल्यासारखे होईल’, असे म्हणून मंडळी हटून बसली. फाळक्यांनी त्यांची आणि त्यांच्या वडिलांची समजूत घातली, तेव्हा कुठे वस्तरा चालला. आपण आज हसतो. पण त्या पोरांना गल्लीत परत जायचे होते आणि लोक काय काय विचारणार, हे त्यांना ठाऊक होते. तोंडाला रंग फासण्यापेक्षा ते मोठे धाडस होते.

बाईसारखे दिसणे एक, बाईसारखे वागणे दुसरे. म्हणून या मंडळींना दिवसभर लुगडी नेसून वावरायला सांगत, धान्य पाखडायला बसवत, असे सांगतात. सूप हातात धरल्याशिवाय पाखडणाऱ्या बाईच्या मनगटाची हालचाल कळत नाही, हे घरातल्या बायका जाणतातच.

आणखी एक अडचण फिल्मची होती. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे म्हणा ना. लाल कुंकू, लाल ओठ पडद्यावर काळे पडत. निळे मात्र पांढरे दिसे. म्हणून आरशात बघून चेहरा रंगवला, तरी पडद्यावर तो तसाच दिसेल असा भरवसा नसे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन सिनेमात लागला आणि लोकांनी गर्दी केली. त्याची पहिली आणि शेवटची रिळे अजून शिल्लक आहेत. त्यांत राणी आणि तिच्या सख्या पाण्यात खेळताना दिसतात. त्या सगळ्या पुरुष आहेत.

पुढे १९१७ साली फाळक्यांनी ‘लंका दहन’ हा सिनेमा काढला. त्यात साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. रामाच्या विरहात रडणारी सीता आणि तिच्यासाठी व्याकूळ झालेला राम, दोघेही एकच माणूस! राम पडद्यावर आला की लोक चपला काढत, असे सांगतात. हॉटेलात काम करणाऱ्या अण्णाला कुणी हात जोडले नव्हते. पुढे हेच साळुंके कॅमेरा चालवायलाही शिकले.

बायका मग कधी आल्या? फार उशीर लागला नाही. ‘हरिश्चंद्र’ झाला त्याच वर्षी फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या आणि पदरात लेक होती. फिरत्या नाटक मंडळीत काम करून त्या दोघींचे पोट भरत होत्या. त्यांना लोकांनी पुष्कळ नावे ठेवली. मला विचाराल तर सगळ्या सोंगांपेक्षा हे अवघड. साळुंक्यांना काम संपले की लुगडे सोडून ठेवता येई. दुर्गाबाईंना कुठे काही सोडून ठेवता येत होते? याच कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावाजल्या. चंद्रकांत गोखले हे नट त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू.

शेवटी फाळक्यांच्या मुलीची गोष्ट. १९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला. त्यात बाळकृष्ण झाली होती मंदाकिनी. वय अवघे सात वर्षांचे. मुलगी मुलगा झाली होती. फाळक्यांनी हे लपवले नाही. सिनेमाच्या सुरुवातीलाच त्यांनी मंदाकिनीचा साधा चेहरा मोठा करून दाखवला आहे. ती हसते, रागावते, डोळे मोठे करते. आपण बघत असतो एक चुणचुणीत पोर. मग बघता बघता तो चेहरा विरघळतो आणि त्याच जागी मुकुट घातलेला कृष्ण उभा राहतो.