इंग्रजी शब्द लक्षणानें व उदाहरणानें कसे शिकावे

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत इंग्रजी शिकण्याची इच्छा वाढत आहे, ही चांगली गोष्ट आहे. मुलें शाळेसाठीं शिकतात, तरुण नोकरीसाठीं शिकतात, आणि आमचे उपदेशक बंधु शास्त्रावरील इंग्रजी टीका वाचतां यावी म्हणून शिकतात. परंतु बहुतेकांची रीति एकच असते. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस त्याचा एक मराठी प्रतिशब्द, आणि मग पाठांतर. ही रीति अगदींच टाकाऊ आहे असें आम्ही म्हणत नाहीं; पण जो एवढ्यावरच विसंबून राहतो तो केव्हां ना केव्हां फसतो. आम्ही स्वतः फसलों, आणि आमच्या चुकीमुळें एका शोकग्रस्त घरास मिळावयाचें सांत्वन मिळालें नाहीं. म्हणून ती गोष्ट प्रथम सांगतों.

त्या वेळीं आम्ही नुकतेच सेवेस लागलों होतों. एका वाडींतील वृद्ध विधवेचा एकुलता एक मुलगा वारला, आणि मूठमाती देण्याच्या वेळीं बोध करण्याचें काम आमच्याकडे आलें. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायांतील १५ वें वचन आम्हीं मराठी शास्त्रांतून वाचलें, आणि ‘मूळ इंग्रजींत याचा अर्थ कांहीं निराळा आहे’ असें सांगण्याचा मोह आम्हांस झाला. आमच्याजवळ १६११ सालच्या इंग्रजी भाषांतराची प्रत होती. तींत या ठिकाणीं ‘प्रिव्हेंट’ असा शब्द आहे, आणि आमच्या लहानशा कोशांत त्याचा ‘अडविणें’ एवढाच अर्थ दिला होता. तेव्हां जिवंत राहिलेल्यांनीं मेलेल्यांस अडवूं नये, असा बोध आम्हीं केला. सर्व आटोपल्यावर ती माउली जवळ येऊन म्हणाली, “मास्तर, माझ्या लेकराच्या वाटेंत मी आडवी येईन, असें का तुम्हांला वाटलें?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

घरीं येऊन आम्हीं मोठा कोश पाहिला. ‘प्रिव्हेंट’ हा शब्द लॅटिन भाषेंतून आला आहे, आणि ‘पूर्वीं येणें’ हा त्याचा मूळ अर्थ होय. जो आधीं येऊन उभा राहतो तो मागच्याची वाट रोखूं शकतो. यावरून पुढें ‘अडविणें’ हा अर्थ रूढ झाला. १६११ सालच्या भाषांतरकारांनीं तो शब्द ‘आधीं जाऊन पोहोंचणें’ या जुन्या अर्थानें घातला होता. प्रेषिताचें म्हणणें असें कीं, प्रभूच्या येण्यापर्यंत जे जिवंत राहतील ते निजलेल्यांच्या पुढें जाणार नाहींत. मेलेले मागें राहून गेले असें होणार नाहीं. केवढें हें सांत्वन! आणि तें तर मराठी शास्त्रांत स्पष्टच होतें. शिवाय हें पत्र मुळांत ग्रीक भाषेंत लिहिलें गेलें. ‘मूळ इंग्रजी’ असें कांहीं नाहींच. १८८१ सालीं इंग्रजी नवा करार सुधारून छापला गेला, तेव्हां हा शब्द काढून ‘पुढें जाणें’ या उघड अर्थाचा ‘प्रिसीड’ हा शब्द तेथें घातला गेला. आठ दिवसांनीं आम्ही त्या माउलीच्या घरीं पुन्हां गेलों, चूक कबूल केली, आणि तेंच वचन मराठींतून पुन्हां वाचून दाखविलें.

एका शब्दास एकच प्रतिशब्द नसतो

आपल्या ‘लागणें’ या क्रियापदाकडे पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, पाऊस लागतो, मुलाला नोकरी लागते, गांवास पोहोंचण्यास वेळ लागतो. एखाद्या परक्या मनुष्यानें ‘लागणें म्हणजे स्पर्श होणें’ एवढेंच पाठ केलें, तर त्यास यांतील किती वाक्यें कळतील? आपण हे अर्थ कोशांतून शिकलों नाहीं. आईच्या तोंडचीं वाक्यें ऐकून शिकलों. इंग्रजीसही हाच नियम लागू आहे. शब्दाचा अर्थ सोप्या शब्दांत सांगणें यास लक्षण म्हणतात, आणि तो शब्द वाक्यांत वापरून दाखविणें हें उदाहरण होय. लक्षण शब्दाची हद्द दाखवितें, आणि उदाहरण त्या हद्दींत तो कसा वावरतो हें दाखवितें. यासाठीं पुढील चार शब्द घेऊं.

१. ओव्हरसाइट. पहिलें लक्षण: दुसऱ्याच्या कामावर ठेवलेली देखरेख. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांत वडिलांस कळपाची निगा राखण्यास सांगितलें आहे, तेथें जुन्या इंग्रजी भाषांतरांत हा शब्द या अर्थानें आहे. दुसरें लक्षण: लक्ष न राहिल्यानें झालेली चूक. उदाहरण: ‘बाय ॲन ओव्हरसाइट युअर नेम वॉज लेफ्ट आउट’; म्हणजे नजरचुकीनें तुमचें नांव राहून गेलें. असें पत्र मंडळीस आलें आणि वाचणाऱ्यास पहिलाच अर्थ ठाऊक असला, तर देखरेख करणाऱ्यांनीं मुद्दाम नांव गाळलें असें समजून विनाकारण तंटा उभा राहील.

२. सँक्शन. पहिलें लक्षण: अधिकाऱ्यानें दिलेली मंजुरी. ‘कर्ज सँक्शन झालें’ असें आपले शेतकरी बंधु म्हणतात, तें याच अर्थानें. दुसरें लक्षण: नियम मोडणाऱ्यावर घातलेला निर्बंध. एका देशानें दुसऱ्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्या असें वर्तमानपत्रांत येतें, तेव्हां मंजुरी नव्हे, व्यापारबंदीसारखी शिक्षा समजावी.

३. लेट. आजचें लक्षण: करूं देणें. जुनें लक्षण: अडथळा करणें. प्राचीन इंग्रजींत हे दोन निरनिराळे शब्द होते. पुढें त्यांचें रूप एकच झालें. रोमकरांस पत्र, अध्याय १ ला, वचन १३ यांत आपणांस रोमास येण्यास अडथळा झाला असें पौल लिहितो, आणि १६११ च्या भाषांतरांत तेथें ‘लेट’ आहे. आजचा अर्थ घेतला तर वचन अगदीं उलटें होतें. हा जुना शब्द अद्याप मेलेला नाहीं. भारताच्या पासपोर्टांतील विनंतींत, धारकास ‘लेट’ म्हणजे अटकाव न होतां जाऊं द्यावें, अशा अर्थाचे शब्द आजही छापलेले असतात.

४. चॅरिटी. आजचें लक्षण: गरिबांस केलेला दानधर्म. १६११ मधील लक्षण: ख्रिस्ती प्रीति. करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १३ वा, यांत हा शब्द आहे. त्याच अध्यायाचें ३ रें वचन पाहा. आपलें सर्वस्व गरिबांस वांटलें आणि ‘चॅरिटी’ नसली तर कांहीं लाभ नाहीं, असा तेथील भाव आहे. दानधर्म हाच अर्थ असता तर सर्वस्व देणाऱ्यापाशीं तो नाहीं असें कसें म्हणतां आलें असतें? येथें वाक्यच आपणांस शब्द शिकवितें.

कोशकारांचे श्रम

सॅम्युएल जॉन्सन यानें १७५५ सालीं इंग्रजीचा मोठा कोश छापला. त्यांत ४०,००० हून अधिक शब्द, व त्यांचे अर्थ दाखविण्यासाठीं ग्रंथांतून घेतलेले एक लाखाहून अधिक उतारे होते. तरी त्याचीं कांहीं लक्षणें शब्दाहून कठीण होतीं. जाळ्याच्या विणीचें त्यानें केलेलें लक्षण वाचून लोक अद्याप हंसतात. बंगाल्यांत डाक्का येथें शिक्षणखात्यांत काम केलेल्या मायकेल वेस्ट यानें हा दोष ओळखला. त्यानें एंडिकॉट याच्यासह १९३५ सालीं काढलेल्या कोशांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार केवळ १,४९० सोप्या शब्दांच्या साह्यानें समजाविले. पुढें हॉर्न्बी व त्याचे सोबती यांचा कोश १९४२ सालीं जपानांत छापला गेला आणि १९४८ सालीं ऑक्सफर्ड येथून निघाला. त्यांत शब्द वाक्यांत कसा बसवावा हें दाखविलें आहे. मराठी माणसासाठीं मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालींच निघाला होता.

वही कशी ठेवावी

रोज पांचच शब्द घ्यावे. प्रत्येकासाठीं चार गोष्टी लिहाव्या: शब्द, तो जेथें भेटला तें वाक्य, सोपें लक्षण, आणि आपल्या घरच्या, शेतांतल्या किंवा मंडळींतल्या गोष्टीविषयीं आपण केलेलें एक वाक्य. लक्षणांतील एकही शब्द मूळ शब्दाहून कठीण नसावा. दुसऱ्या दिवशीं, आठव्या दिवशीं व महिन्यानें लक्षण झांकून वाक्यावरून अर्थ सांगून पाहावा. शास्त्रांतील शब्द असल्यास मराठी शास्त्र उघडून ताडून पाहिल्याशिवाय तो उपदेशांत आणूं नये. ज्या कागदावर सही करावयाची आहे त्यांतील शब्द अडला, तर जाणत्याकडून पूर्ण वाक्याचा अर्थ समजून घ्यावा; तोंवर सही करूं नये.

अभ्यास

(१) ‘उठणें’ या मराठी क्रियापदाचीं निरनिराळ्या अर्थांचीं चार वाक्यें लिहा. (२) १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत मार्क १०:१४ येथें ‘सफर’ हा शब्द आहे. मराठी शास्त्राशीं ताडून त्याचें लक्षण करा. (३) ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे आज संभाषण. फिलिप्पैकरांस पत्र १:२७ यांत त्याचा जुना अर्थ काय होता तें शोधा.

ज्यांस इंग्रजी येत नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. त्या वाडींतील माउलीस इंग्रजीचें एक अक्षरही येत नव्हतें. तरी आमचा बोध त्या वचनाशीं जुळत नाहीं, हें प्रथम तिलाच कळलें.